आत्याच्या कुत्र्याचे दात

पिसाळलेल्या कुत्र्याची म्हणून जी लक्षणे आमच्या पाठ्यपुस्तकात दिली होती, त्यांतली बहुतेक सगळी त्या दुपारी आमच्या कुत्र्यात दिसत होती. लाळ गळत होती, मागचे पाय लटपटत होते, पाण्याच्या वाडग्याकडे तो बघत नव्हता आणि हात लावणाऱ्याला चावला होता. ते पाठ्यपुस्तक मी मुलींच्या एका शाळेत बरीच वर्षे शिकवत होते. रोगाचे नाव दिले की लक्षणे सांगता येणे आणि लक्षणे दिसली की रोगाचे नाव सांगता येणे, यांत पुष्कळ अंतर असते, असे मी मुलींना नेहमी बजावत असे. ते अंतर केवढे असते, हे मला त्या आठवड्यात घरातच कळले. कारण त्या नावावर एका मुक्या जिवाचे जगणे-मरणे अवलंबून होते, आणि त्या जिवावर आमच्या आत्याचे बरेच काही.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या आरंभीची. आम्ही तेव्हा कलकत्त्यात डमडमला राहत होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आई जाऊन काही वर्षे झाली होती. मी अविवाहित, शाळेत शिक्षिका. आई गेल्यावर घर सांभाळायला वडिलांची थोरली बहीण कराडहून आली, ती माझी आत्या. तिला वैधव्य फार लवकर आले होते. वरच्या मजल्यावर आम्ही तिघे आणि खाली घरमालक व त्यांच्या पत्नी. त्या बाईंना आम्ही बंगाली रीतीप्रमाणे मासिमा म्हणत असू.

आत्याला बंगाली येत नव्हते आणि हिंदीही बेताचेच. शिकण्याचे तिने मनावर घेतले नाही. भाजीवाल्याशी ती बोटांनी बोलत असे, मासिमांशी हसून. वडील दिवसभर वर्तमानपत्रात नाही तर बुद्धिबळात, मी शाळेत. त्या घरात दिवसाच्या वेळी ती ज्याच्याशी पूर्ण वाक्ये बोलत असे, असा एकच प्राणी होता. सियालदहच्या घाऊक भाजीबाजारात रिकाम्या पोत्यांखाली कुडकुडणारे एक पिल्लू वडिलांनी कोबीच्या पिशवीत घालून आणले होते. ते आता थोराड, तपकिरी रंगाचा आणि पांढऱ्या छातीचा कुत्रा झाले होते. गल्लीतली मुले बंगालीत "आय, आय" करून त्याला बोलवत तेव्हा तो मान वळवत नसे. आत्याने "आत हो बघू" असे हळू आवाजात म्हटले तरी तो उठत असे. त्याला मराठीखेरीज काही कळत नाही, याचा तिला अभिमान होता.

आमचे घर शाकाहारी. त्यामुळे कुत्राही शाकाहारी. वरणभात, दूधभात, मऊ केलेली पोळी आणि दुपारी गुळाचा खडा. मासिमांना हे पटत नसे. त्या एकदा इलिश माशाचे डोके वाटीत घेऊन जिन्यात आल्या आणि आत्याने हात जोडून नको म्हटले, तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"कलकत्त्याचा कुत्रा आणि मासा खात नाही? दिदींना सांग, स्वतः विधवा आहेत ते ठीक, ह्या बिचाऱ्याला कशाला विधवा केलंत?"

बंगालमध्ये विधवांच्या ताटात मासा वाढत नसत. त्या चालीवरचा हा विनोद होता. "काय म्हणते?" आत्याने विचारले. "मासा ताजा आहे म्हणतात," मी सांगितले.

कुत्र्याचे दुखणे त्या आहारानेच झाले असे मी म्हणणार नाही. हाडे चघळणाऱ्या कुत्र्यांनाही ते होते, आणि हाडाने दात तुटतात ते वेगळेच. पण ते कसे वाढते हे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून आले. जिवाणू प्रत्येक तोंडात असतात, तुमच्या आणि माझ्याही. दाताच्या पृष्ठभागावर ते चिकट, पातळ थर धरतात. तो रोज पुसला गेला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा टणक होतो. त्या खरबरीत दगडावर नवा थर आणखी सहज धरतो. मग हिरडी लाल होते, सुजते आणि दातापासून सुटू लागते. दात व हिरडी यांच्यात फट पडते, आणि त्या फटीत हवेवाचून जगणारे जिवाणू वाढतात. तोंडाला जी घाण येते ती बहुतांशी त्यांची. सरतेशेवटी दाताला धरून ठेवणारे हाडच झिजते. यातला बराचसा भाग ओठांच्या आत घडतो, म्हणून बाहेरून कुत्रा फक्त म्हातारा झाल्यासारखा दिसतो.

आम्हालाही तसेच वाटले. त्याच्या तोंडाला वास येऊ लागला तेव्हा वडील म्हणाले, "वय झालं त्याचं." तो पोळीचा तुकडा उचलून पुन्हा खाली टाकू लागला तेव्हा आत्याने पोळी दुधात अधिक भिजवली. तो तोंडाची एक बाजू जमिनीवर घासू लागला. आत्या ज्या फडक्याने त्याचे तोंड पुसत असे त्यावर गुलाबी डाग पडू लागले. एकदा ते फडके माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "हिरड्याच आहेत. मला ठाऊक आहे हे दुखणं. रात्रभर ठणकतं, पोरी."

तिला ते ठाऊक असण्याचे कारण मिश्री. आमच्या देशावरच्या पुष्कळ जुन्या बायकांप्रमाणे आत्या तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, तिची पूड बोटाने दातांना लावत असे. दात घासण्यासाठी म्हणून ती लावायची, पण खरी गोष्ट अशी की तिने हिरडी बधिर होते, डोके हलके होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा हवीशी वाटते. वडिलांना त्या सवयीचा मनस्वी तिटकारा होता. आदल्या वर्षी आत्याच्या गालाच्या आत फोड आला, तेव्हा त्यांनी तिला देवापुढे उभे करून भवानीची शपथ घ्यायला लावली. तिने डबी त्यांच्या हवाली केली आणि त्यांनी ती माझ्यादेखत गल्लीतल्या गटारात रिकामी केली. तो विषय तिथे संपला असे आम्ही दोघेही समजून चाललो होतो.

त्या दिवशी मी शाळेतून लवकर परतले होते. जिन्याच्या मधल्या वळणावर कुत्रा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि अंग थरथरत होते. नुकतीच उलटी झालेली दिसत होती. वरच्या पायरीवर आत्या पदर तोंडाशी धरून उभी होती. मी काही विचारण्याच्या आत मासिमा खालून आल्या. "आहा रे, काय झालं ह्याला?" असे म्हणत त्यांनी त्याचे तोंड वर करण्यासाठी हनुवटीखाली हात घातला. तो किंचाळला, अगदी माणसासारखा, आणि त्याने त्यांच्या मनगटावर तोंड टाकले. चावा खोल नव्हता, पण दाताची रेघ उमटली आणि तिच्यातून रक्त आले.

पुढचे सगळे फार झपाट्याने झाले. मासिमांचे यजमान, त्यांना आम्ही मेसोमशाय म्हणत असू, बाहेर धावले. गल्लीच्या तोंडाशी तरुणांचा एक क्लब होता. त्या वर्षांत राजकीय मारामाऱ्यांनी शहर बिथरलेले होते आणि तिथे बसणाऱ्या तरुणांच्या हाताशी बांबू असतच. "पागल कुत्ता" हे शब्द मला वरपर्यंत ऐकू आले. वडिलांनी घोंगडी टाकून कुत्र्याला कसेबसे गच्चीवरच्या खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी घातली. मी मासिमांचे मनगट साबणाने, वाहत्या पाण्याखाली, त्या ओरडत असतानाही धुवत राहिले.

"दिदिमोनी, दार उघडा," क्लबातला एक उंच तरुण मला म्हणाला. शिक्षिकेला ते दिदिमोनी म्हणत. "दोन मिनिटांचं काम आहे. आज मासिमा, उद्या आमच्या घरातलं पोर."

मी म्हणाले, "त्याला मारलंत तर मासिमांचंच नुकसान आहे. चावलेलं कुत्रं दहा दिवस जिवंत राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं हे ठरतं. मेलेल्या कुत्र्याचं काय पाहायचं?"

"हे वर्गात सांगा," दुसरा कोणी म्हणाला आणि हशा झाला. तरी ते परत गेले. त्यांतल्या एकाच्या बहिणीला मी शिकवत होते, त्याचा उपयोग झाला असावा.

मासिमांना त्याच संध्याकाळी रुग्णालयात नेले. तेव्हा कुत्रा चावल्यावर पोटात रोज एक अशी चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्यांनी पहिले घेतले. जिन्यात त्या भेटल्या तेव्हा पोटावर हात दाबून चालत होत्या, आणि माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही जनावरांचे डॉक्टर बोलावले. वयस्क, सावकाश बोलणारे बंगाली गृहस्थ. ते गच्चीवरच्या खोलीच्या खिडकीतून बराच वेळ आत पाहत राहिले. लाळ आता थोडी कमी झाली होती, थरथर जवळजवळ थांबली होती, पण कुत्रा कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसला होता आणि पाण्याला शिवला नव्हता.

"तोंडाला वास किती दिवसांपासून आहे?" त्यांनी विचारले.

"काही महिने."

"म्हणजे तोंडात काहीतरी जुनं आहे. पण कालचं हे जुन्यानं होत नाही. विष पोटात गेलं असेल, नाहीतर तेच, ज्याची सगळ्यांना भीती आहे." ते खिडकीपासून दूर झाले. "तोंड उघडून पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि सांगता आल्याशिवाय मी ते तोंड उघडणार नाही. माझंही घर आहे."

मग त्यांनी विचारले की घरात उंदरांचे औषध आहे का, किडे मारायची पावडर आहे का, कोणी त्याला काही दिले आहे का. वडिलांनी प्रत्येक प्रश्न आत्याला मराठीत सांगितला. "तो घरातलंच खातो," आत्या म्हणाली. "वरणभात. मी काय देणार वेगळं?" बोलताना ती जमिनीकडे पाहत होती. ते तिचे नेहमीचेच होते. परक्या पुरुषांसमोर ती मान वर करत नसे.

मी त्या दोन दिवसांत वर्गात मांडावी तशी मांडणी मनात करत होते. पिसाळण्याचा रोग एकदा दिसू लागला की मागे फिरत नाही. आमच्या कुत्र्याची थरथर थांबली होती. म्हणजे कारण वेगळे असावे. उलट, तो खात नव्हता, पीत नव्हता, आणि त्या रोगातही मध्ये कधी जरा उतार पडल्यासारखे दिसते असे डॉक्टरांचे म्हणणे. म्हणजे माझा निष्कर्ष पक्का नव्हता. हे मी वडिलांना सांगितले.

"तुझा निष्कर्ष खाली जाऊन सांग," ते म्हणाले. "त्या बाईच्या पोटात रोज सुई जाते आहे. मेसोमशाय काल मला म्हणाले, भाडेकरू म्हणून नाही, शेजारी म्हणून विचारतो, तुम्हाला कुत्रा जास्त की माझी बायको? काय उत्तर देऊ?"

त्यांनी उत्तर दिलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन त्याला संपवतील आणि त्याचे डोके तपासणीसाठी पाठवतील, असे त्यांनी कबूल केले होते.

आत्या पोळ्या लाटत होती. तिने लाटणे थांबवले. "डोकं कशाला?"

"मेंदू तपासतात," मी म्हणाले. "रोग मेंदूत दिसतो."

"कापून?"

"हो."

तिने पुढची पोळी लाटली. ती गोल झाली नाही. तिने ती मोडून पुन्हा गोळा केला, पुन्हा लाटली आणि पुन्हा मोडली. मी शाळेत जायला निघाले तेव्हाही तिच्या हातात तोच गोळा होता.

ठरलेल्या सकाळी डॉक्टर आले. वडिलांनी त्यांना दिवाणखान्यात बसवले, मी चहा ठेवला. मेसोमशायही वर आले होते. काम होते की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. डॉक्टरांनी पिशवीतून पेटी काढली. तेव्हा आत्या आतून आली आणि आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता देव्हाऱ्याकडे गेली. देवांखालचे लाल कापड तिने उचलले आणि त्याखालून एक चपटी पितळी डबी काढली. वडील पूजा करत नसत. देव्हारा तिचा होता.

"अण्णा, ह्या माणसाला सांग," ती म्हणाली, "ह्यातलं मी त्याला लावलं."

वडिलांनी डबी उघडली. तिचा वास सगळ्या खोलीत पसरला.

"अक्का, तू भवानीची शपथ घेतली होतीस."

"घेतली होती. देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. तू डॉक्टरला सांग."

"कुणी आणून दिली ही?"

"ते मग विचार. आधी सांग त्याला, तो सुई भरतोय!"

तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. शेवटी मीच बंगालीत सांगितले. डॉक्टरांनी डबी नाकाशी नेली, चिमूटभर पूड तळहातावर घेऊन बोटाने पसरली. तंबाखू ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. भाजून दातांना लावायची चाल बंगालमध्येही थोड्या वेगळ्या रूपात आहेच.

"किती लावली?"

आत्याने तर्जनी पुढे करून दुसऱ्या पेरापर्यंत दाखवली. "दोन्ही बाजूंना. सकाळी लावली. दुपारी ठणका थांबलेला दिसेना म्हणून परत लावली, जास्त. माझं दुखतं तेव्हा मी तेच करते. त्यानं ती थुंकायची असते हे कुठं कळणार? गिळली सगळी."

"आणि जिन्यात केव्हा गेला?"

"त्याच्यानंतर लगेचच. माझ्या हातातून सुटून पळाला."

डॉक्टरांनी सुई पुन्हा पेटीत ठेवली. तंबाखूच्या विषाने लाळ सुटते, उलट्या होतात, अंग कापते, आणि मात्रा फार नसेल तर एक-दोन दिवसांत उतरते, हे त्यांनी मेसोमशायना समजावून सांगितले. "हिरडी फुटलेली असली तर लवकर भिनतं. मी शपथेवर काही सांगत नाही. दहा दिवस पुरे होऊ देत, कडी काढू नका. पण आज मी ह्याला मारणार नाही."

मेसोमशाय उठले. दारापाशी थांबून ते वडिलांना म्हणाले, "तीन दिवस कोणाला काही आठवलं नाही. सुई बाहेर निघाल्यावर डबी निघाली. चांगली गोष्ट रचलीत."

हे त्यांच्या मनात पक्के बसले. मी दुपारी खाली गेले, तेव्हा मासिमा पलंगावर पडून होत्या. मी सगळा क्रम पहिल्यापासून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"समजा, खरं आहे," त्या म्हणाल्या. "मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? मी किंचाळत होते, त्या वर उभ्या होत्या. मी पाहिलंय त्यांना, तोंडाला पदर लावून."

आत्याने भावाला शब्द दिला होता आणि तो मोडल्याचे त्याला कळू द्यायचे नव्हते, असे मी म्हणाले. मोठ्याने म्हटल्यावर ते कारण फारच लहान वाटले. मासिमांनी इंजेक्शने थांबवली नाहीत. दहा दिवस झाले, कुत्रा जिवंत राहिला, रुग्णालयातले डॉक्टर आता गरज नाही म्हणाले, तरी त्यांनी उरलेली सगळी घेतली. "तुमच्या सांगण्यावर मी माझा जीव ठेवू?" असे त्यांनी मला विचारले, आणि त्यात मला चूक काढता आली नाही.

त्या दिवसांत वडील आत्याला रागावले नाहीत. मला वाटते, रागावले असते तर तिला बरे वाटले असते. एकदा जेवताना ते एवढेच म्हणाले, "अक्का, त्याच दुपारी सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो. त्याहून जास्त काय झालं असतं?"

"तेच मला नको होतं," आत्या म्हणाली. "ह्या वयात तुझं ओरडणं."

दहा दिवसांनी डॉक्टरांनी कुत्र्याला गुंगी आणून त्याचे तोंड उघडले. वडिलांनी पाय धरले होते, मी दिवा. ओठ वर केल्यावर मला दात दिसलेच नाहीत. त्यांच्या जागी तपकिरी, ओबडधोबड कवच होते, नदीकाठच्या दगडावर बसते तसे. त्याच्या कडेने हिरडी जांभळट लाल, फुगलेली. डॉक्टरांनी सळईचे टोक एका दाढेच्या कडेला हलकेच घातले, तर ते आत जातच राहिले आणि मागून पू आला. ज्या दाताला हाडाने घट्ट धरायचे, तो नुसत्या हिरडीत तरंगत होता. मिश्रीने भाजल्यासारखे पांढरट चट्टे अजून पुरते गेले नव्हते. बऱ्याचशा दाढा त्यांनी काढल्या. काही चिमट्याची वाट न पाहता बोटानेच निघाल्या. उरलेल्यांवरचे कवच त्यांनी खरवडले.

"इतकं दुखत असताना हा चावला, त्यात नवल नाही," ते म्हणाले. "नवल आहे ते महिनोन्‌महिने चावला नाही याचं." मग म्हणाले की जे दात उरले आहेत त्यांवर तोच थर पुन्हा धरणार, जिवाणू कुठे जात नाहीत. रोज मिठाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने दात आणि हिरडीची कड पुसायची, कायमची. तोंडातले जिवाणू फुटलेल्या हिरडीतून रक्तात उतरतात आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या काळजाला ते बाधू शकतात. छातीला नळी लावून त्यांनी पुष्कळ वेळ ऐकले होते. काय ऐकू आले ते आम्ही विचारले नाही.

मासिमांचे शेवटचे इंजेक्शन झाले त्या दिवशी आत्या म्हणाली, "मला खाली ने. तू फक्त सांग, मध्ये तुझं घालू नकोस."

मासिमांनी आम्हाला बसायला सांगितले. आत्या बसली नाही. ती म्हणाली, "मी पाहत उभी राहिले आणि बोलले नाही. कुत्र्याला मारायची वेळ आली तेव्हा बोलले. तुमच्यासाठी बोलले नाही. तेवढंच सांगायला आले."

मी ते शब्दशः बंगालीत सांगितले. मला ते मऊ करायचे फार मनात आले. मासिमांनी पोटावरचा पदर बाजूला केला. पोटावर निळ्या-काळ्या, टणक गाठी उठल्या होत्या, काही पिवळ्या पडत चाललेल्या. आत्या पुढे झाली, चष्मा सावरून तिने त्या जवळून पाहिल्या आणि मराठीतच विचारले, "शेकलंत का?"

मी भाषांतर करण्याआधीच मासिमांनी पदर ओढून घेतला. "दिदींना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही. पण कुत्रा ह्यापुढं जिन्यात मोकळा दिसायचा नाही. आणि काही दिवस माझ्या दारातही कोणी यायचं नाही. नंतरचं नंतर पाहू."

ते मी सांगितले. आत्याने मान हलवली. त्यानंतर पुष्कळ महिने खालून वाटी वर आली नाही, वरून खाली गेली नाही.

मिश्री तिने सोडली. या वेळी कोणी शपथ घातली नाही. पहिले काही दिवस तिचे डोके दुखे आणि हात कापत. ती ते कोणाला सांगत नसे, पण पोह्यांत मीठ कमीजास्त होऊ लागले.

कुत्रा खाऊ लागला. मऊ भात तो चपचप आवाज करत, जीभ बाहेर काढून खाई. तोंडाचा वास बराच गेला. आत्याच्या मराठीला तो पूर्वीसारखाच उठत असे, बसत असे, तिच्या पायाशी निजत असे. फक्त तिचा हात तोंडाच्या दिशेने आला की तो मान फिरवी, ओठ घट्ट मिटून मागे सरके, आणि हात तसाच राहिला तर खोलीतून निघून जाई. ती भाताचा घास घेऊन बसे तेव्हाही तेच. त्याने गुरगुरल्याचे मला आठवत नाही. पहिल्या दिवशी मिठाचे पाणी आणि कापड घेऊन तीच बसली होती. तिने बराच वेळ त्याला समजावले, "माझ्या राजा, मीठ आहे रे नुसतं, वास घे बघ." तो पलंगाखाली गेला.

मग ते काम माझ्याकडे आले. शाळेला निघण्यापूर्वी मी त्याचे डोके गुडघ्यांत धरून एकेक बाजू पुसत असे. माझ्याकडून तो ते करून घेई. आत्या त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसे, म्हणजे तिला पाहून तो बिथरू नये. मधले दार लोटलेले असे.

"रक्त आलं का गं?" ती पलीकडून विचारी.

"थोडं."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. वर."

"दाबू नकोस," ती म्हणे. "तिथं त्याचं फार दुखतं."